वीतभर उंच दगड

कुंभकोणच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवणारे सेतुमाधवराव वर्गाबाहेर पडले, की पोरं पाठीमागून हळूच म्हणत, "मुक्काल इंजिनियर चालले." मुक्काल म्हणजे तमिळमध्ये पाऊण. चार वर्षांच्या शिक्षणातली तीन मद्रासला काढली आणि चौथ्याला घरी येऊन बसले, म्हणून पाऊण इंजिनियर. पोरांचं एक सोडा, पोरं कुणालाही नावं ठेवतात. पण मोठी माणसंही काही कमी नव्हती. ओट्यावर पान लावता लावता कुणीतरी विषय काढायचं, की सुंदररावांच्या एकुलत्या एका मुलानं हातातोंडाशी आलेला घास कसा घालवला. खुद्द सेतुमाधवरावांना कुणी विचारलंच, तर ते एवढंच म्हणत, "माझी लेव्हल मिळाली नाही." आणि छत्री उघडून चालू लागत.

हे धादांत खोटं होतं. लेव्हल मिळाली होती. अगदी केसाइतकीही चूक नव्हती तिच्यात. पण ते सांगायचं कुणाला?

तेव्हा ते सेतुमाधवराव नव्हते, नुसता सेतू होता. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नाही म्हणून आईवडील रामेश्वराला जाऊन आले, त्यानंतर झालेला मुलगा, म्हणून सेतुमाधव. घराणं तंजावरच्या दरबारी लिहिण्याचं काम करणारं. राज्य खालसा झालं, दरबार उठला, आणि लिहिणारे हात जिथं जागा मिळेल तिथं गेले. सेतूचे आजोबा कुंभकोणला आले. वडील सुंदरराव एका छत्रात कारकून होते. छत्र म्हणजे वाटसरूंना जेवण आणि निवारा देणारी धर्मशाळा. बांधली जुन्या राण्यांनी, पण आता कारभार सरकारी बोर्डाचा, तेव्हा सुंदरराव म्हटले तर देवाधर्माचे नोकर आणि म्हटले तर सरकारचे.

राहायला मेलकावेरीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये. उंबऱ्याच्या आत मात्र मराठी, तीही पणजोबांच्या वळणाची. एकदा पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी ती ऐकून तोंडाला रुमाल लावला होता. सुंदररावांनी मनावर घेतलं नाही. माणूस सरळ, इतका सरळ की सोबतच्यांना जड जावं. छत्रातल्या तांदळाच्या पोत्याला उंदरानं भोक पाडलं, तरी स्वतः जाऊन अधिकाऱ्याला सांगायचे, माझ्या देखरेखीत झालं, म्हणून. त्यांना एकच वेड होतं, नामाचं. दर एकादशीला चालत मरुदानल्लूरला जायचे, तिथल्या मठात भजनाला बसायचे, आणि घसा बसवून घरी यायचे. मग दोन दिवस गंगाबाईंना, म्हणजे सेतूच्या आईला, खुणांनीच बोलायचे.

सेतूला मद्रासच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली आणि वर स्कॉलरशिप मिळाली, तेव्हा मेलकावेरीत साखर वाटली गेली. तो गेला त्याच पावसाळ्यात कावेरीला मोठा पूर आला. पुढं पाणी ओसरल्यावर सरकारी माणसं आली आणि त्यांनी काठाकाठानं खुणेचे दगड पुरले. एक दगड मेलकावेरीच्या घाटावरही बसला, पायरीच्या अगदी सपाटीला, फक्त माथा वर. माथ्यावर टाकीनं कोरलेली सरकारी खूण: एक आडवी रेघ, आणि तिच्यापाशी बाणाच्या टोकासारख्या येऊन टेकलेल्या तीन रेघा. सेतू तेव्हा मद्रासला होता, सुट्ट्यांतही शिकवण्या धरून तिथंच राहायचा. तो दगड नवा असताना त्यानं पाहिलाच नाही. हे लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं इथंच पेंड खाणार आहे.

तिसऱ्या वर्षी कॉलेजचा सर्व्हे कॅम्प असतो. कधी कुठं, कधी कुठं. सेतूच्या वर्षी तो नेमका कावेरीच्या काठी पडला. संक्रांत नुकतीच झालेली, शेतात भात कापून ठेवलेलं, नदी शहाण्यासारखी एका कडेनं वाहणारी. गावाच्या वरच्या अंगाला नारळीच्या बागेत तंबू लागले. प्रत्येकाला एकेक लाइन नेमून दिली. सेतूला मिळालेली लाइन वरच्या कालव्याच्या दारापासून निघून काठाकाठानं येत मेलकावेरीच्या घाटावर संपत होती. म्हणजे त्याच्या घरापाशीच. सेतूला हसूच आलं.

लेव्हल घेणं हे काम ऐकायला सोपं आहे. एका खुणेची उंची सरकारी पुस्तकात लिहिलेली असते. तिथून निघायचं, तिपाईवरच्या दुर्बिणीतून दांडीवरचे आकडे वाचत पुढं पुढं सरकायचं, आणि शेवटी दुसऱ्या खुणेवर येऊन टेकायचं. तुमचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला, की लेव्हल मिळाली. नाही जुळला, तर वाटेत कुठंतरी तुम्ही माती खाल्लीत. आणि जो कॅम्पात नापास, त्याचं वर्ष गेलं, मग त्याचं गणित कितीही चांगलं असो.

सेतूचा जोडीदार वैद्यनाथ, मायावरमचा तमिळ मुलगा. सेतू दुर्बिणीशी असला की हा दांडी धरायचा, आणि याच्या लाइनला सेतू. पहिल्या दिवशी सेतूची लाइन घाटावर पोचली, तेव्हा दुर्बीण लांब बांधावर होती आणि वैद्यनाथ दगडावर दांडी ठेवून उभा होता. परत येताना तो हसत म्हणाला, "तुमच्या गावच्या लोकांनी बेंचमार्कचा देव केलाय. कुंकू काय, तुळस काय. मी पाया पडून मगच दांडी ठेवली."

सेतूही हसला. या मुलखात कुठल्या दगडाला कुंकू नाही?

तंबूत बसून आकडेमोड केली, तर लेव्हल वीतभर चुकलेली. बोटभर नव्हे, वीतभर. सेतूनं बेरीज पुन्हा केली, तरी तेच. दुसऱ्या दिवशी सगळी लाइन पहिल्यापासून घेतली. उन्हात डोळे चुरचुरायला लागले, दुर्बिणीची भिंगं चारदा पुसली, तिपाईचे पाय हातानं दाबून पाहिले. तरी तीच वीत. तिसऱ्यांदा घेतली, तेव्हा वैद्यनाथ कंटाळून म्हणाला, "अरे, वीतभर काढून टाक कुठंतरी आणि मोकळा हो. अर्धा वर्ग तेच करतोय."

"चूक कुठं आहे ते कळल्याशिवाय काय काढू?" सेतू म्हणाला. तो हट्टी होता, आणि स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा भरवसा होता. त्या दिवशी प्रथमच तो भरवसा डळमळला. त्याला भीती वाटली, की आपल्याला हे काम येतच नाही आणि आजवर आपण सगळ्यांना फसवत आलो.

विल्मट साहेब हे त्यांचे प्रोफेसर. उंच, खांद्यात वाकलेले, न ओरडणारे. त्यांनी सेतूचं लेव्हल-बुक मागून घेतलं, तिन्ही दिवसांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, आणि बुक स्वतःपाशीच ठेवलं.

"तिन्ही वेळा तू तंतोतंत एकच आकडा आणला आहेस," साहेब म्हणाले. "चुकणारा माणूस इतका नेमका चुकत नाही. उद्या सकाळी मी स्वतः दगड पाहायला येतो. परवा कॅम्प उठेल, त्याआधी याचा निकाल लागला पाहिजे. तू सध्या घरी जा आणि पोटभर जेव."

सेतूच्या जिवात जीव आला. तो संध्याकाळी घरी गेला. गंगाबाईंनी केळीचं पान मांडलं, भात वाढला, वर डांगराचं भरीत घातलं, आणि समोर बसल्या. मुलगा गावात येऊन तंबूत राहतो याचं त्यांना वाईट वाटत होतं आणि गल्लीतल्या बायका त्याची दुर्बीण पाहायला जातात याची ऐटही होती.

"त्या घाटाच्या दगडाशीं तुमचें कांहीं काम चाललें आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "तुझ्या अप्पांस केवढा आनंद जाहला. आपला देव आणि आपल्या मुलाचें काम, एकच जागा."

"कसला देव?"

"तुज ठाऊक नाहीं? सरकारनें त्या दगडावर नाम कोरिलें. तीन रेघा, खालीं आडवी. नदींतून वर येतां तों समोरच दिसतें. आणि लोक मेले त्याजवर पाय देऊन चढत, बायका धुणीं आपटीत. अप्पांस तें पाहवेना. आषाढांत गवंडी आणविला, दगड उपटविला, खालीं विटांचा थर घालून चुन्यांत बसविला. आतां कोणाचा पाय लागत नाहीं. वीतभर तरी उंच घेतला असेल."

सेतूचा हात पानावरच थांबला. नदीतून वर येताना पाहिलं, तर ती सरकारी बाणाची खूण विष्णूच्या कपाळावरच्या नामासारखीच, उभ्या गंधासारखीच दिसते, हे त्याला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसलं. बाण काय आणि नाम काय, ज्याच्या डोळ्यांत जे भरलेलं त्याला ते दिसणार. त्याला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. आपले डोळे ठीक आहेत, आपला आकडा खरा आहे. आणि मग लगेच दुसरं आठवलं. सरकारी खुणेचा दगड हलवणं हा गुन्हा आहे. त्याला तुरुंग आहे. वर्गात पहिल्याच धड्याला ते शिकवतात.

"भात निवाला रे," गंगाबाई म्हणाल्या. त्यानं जेवण कसंबसं उरकलं आणि छत्राकडे निघाला.

वाटेत त्याच्या मनात वडिलांविषयी असा राग उसळला की त्याची त्यालाच लाज वाटली. कुणी सांगितलं होतं यांना? सरकारचा दगड, सरकारची पायरी, यांना मध्ये पडायचं काय कारण? आता जाऊन सरळ सांगायचं, अप्पा, तुम्ही माझं वाटोळं केलंत. छत्राच्या दारात सुंदरराव पंगत उठल्यावर शिल्लक भांडी मोजून आत घेत होते. सेतूला पाहून त्यांचा चेहरा खुलला. कुणीतरी वाटसरू तिथं बसला होता, त्याला ते तमिळमध्ये म्हणाले, "हा माझा मुलगा. इंजिनियर होतोय. आमच्या घराण्यात आजवर सगळे कागदावर लिहीत आले, हा जमिनीवर लिहिणार."

मग सेतूला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "रोज सकाळीं त्या नामाला तुळस वाहतों. एकच मागणें मागतों, याचें शिक्षण निर्विघ्न पार पाड. तुझी परीक्षा होईतों मीं नेम धरिला आहे."

सांगितलं, तर काय होईल ते सेतूला स्वच्छ दिसत होतं. अप्पा सेतूला दोष देणार नाहीत, सबबी सांगणार नाहीत. खांद्यावर उपरणं टाकून सकाळी सरकारी कचेरीत जातील आणि म्हणतील, मी हलवला, काय करायचं ते करा. उंदराच्या भोकासाठी जाणारा माणूस याच्यासाठी जाणार नाही? मग नोकरी गेली, आणि या वयात, या हाडांनी, तुरुंग. लपवावं, तर बुक साहेबांपाशी, आता एक आकडाही इकडचा तिकडे करता येत नाही. कुणीकडूनच वाट नव्हती. तो म्हणाला, "अप्पा, उद्या सकाळीं घाटावर येऊं नका. साहेब येणार आहेत, गर्दी नको."

"मग तर आलेंच पाहिजे," सुंदरराव म्हणाले. "साहेबास प्रसाद नको द्यावयास?"

सकाळी साहेब आले, तेव्हा सुंदरराव ओल्या धोतरानं दगडापाशी उभे होते. हातात तुळस, शेजारी पानानं झाकलेली सुंडलची, म्हणजे उकडून फोडणी दिलेल्या हरभऱ्यांची, वाटी. वैद्यनाथला साहेबांनी वर बांधावर दुर्बिणीशी थांबवलं होतं. खाली हे तिघंच.

साहेबांनी वाकून दगड पाहिला. चुन्यावरून बोट फिरवलं. चुना हळदकुंकवानं माखलेला, जुना की नवा ते कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"माझे वडील, सर."

साहेबांनी डोक्यावरची हॅट काढली. "हे रोज येत असणार इथं. त्यांना विचार, हा दगड कधी कुणी हलवला होता का? नीट विचार. त्यांनी हो म्हटलं, तर तुझं काम अचूक आहे. मी तसं लिहून देतो."

अशी कुणी आपल्या हातात सोडवणूक आणून द्यावी आणि आपल्याला ती घेता येऊ नये. सेतूनं वडिलांकडे वळून, जे विचारायला सांगितलं होतं तेच विचारलं. दुसरं काही सुचेपर्यंत तोंडातून निघून गेलं होतं.

"अप्पा, साहेब विचारितात, हा दगड कोणी हलविला काय?"

सुंदररावांचे डोळे चमकले. "मींच कीं. सांग त्यांस. म्हणावें, तुमच्या लोकांनीं नाम कोरिलें तें चांगलें केलें, पण जागा चुकली. लोक पाय देत होते. मीं गवंडी आणवून इतका वर घेतला." आणि त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून दगडाच्या बाजूला वीत धरून दाखवली.

"काय दाखवताहेत ते?" साहेबांनी विचारलं.

घाटावर त्या वेळी मराठी जाणणारी दोनच माणसं होती, आणि इंग्रजीही जाणणारं एकच. सेतूनं नदीकडे बोट केलं.

"पाणी, सर. म्हणतात, गेल्या पावसात पाणी या दगडावर एवढं चढलं होतं."

"आणि दगड?"

"कुणी हात लावलेला नाही म्हणतात."

साहेब बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांना काही कळलं होतं का? सेतुमाधवरावांना म्हातारपणीही याचं उत्तर सापडलं नाही. कधी वाटायचं कळलं होतं, कधी वाटायचं नाही. शेवटी साहेब म्हणाले, "मग चूक तुझी आहे."

"हो, सर."

"मला वाईट वाटतं."

"हो, सर."

"काय म्हणाले?" सुंदररावांनी उत्सुकतेनं विचारलं.

"म्हणाले, दगड फार छान बसविला आहे."

सुंदररावांनी वाटीवरचं पान काढलं आणि साहेबांपुढे प्रसाद धरला. साहेबांनी ओंजळ पुढं केली, सुंडलचे दाणे खाल्ले, मान लववली आणि पायऱ्या चढून गेले. सुंदरराव त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे कौतुकानं पाहत राहिले. माणूस भला आहे, म्हणाले.

पुढचं सगळं सरळ आहे. सेतू कॅम्पात नापास झाला. वैद्यनाथची लाइन वेगळी होती, तो पास झाला आणि पुढं मोठ्या हुद्द्यावर चढला. सेतूचं वर्ष गेलं, वर्षाबरोबर स्कॉलरशिप गेली, आणि तिच्यावाचून मद्रासला राहणं त्यांच्यासारख्याला शक्य नव्हतं. तो घरी आला. गंगाबाई रडल्या. सुंदरराव रडले नाहीत, पण महिनाभर त्यांनी मुलाच्या डोळ्यांत पाहिलं नाही. मग शाळेतली जागा मिळाली, लग्न झालं, मुलंबाळं झाली, पोरांना मुक्काल इंजिनियर मिळाला.

प्रत्येक पावसाळ्यात मात्र सेतुमाधवरावांची झोप उडायची. सरकारी माणूस छत्री घेऊन यायचा, पाणी त्या दगडाच्या किती खाली आहे ते पाहून लिहून न्यायचा, आणि तो आकडा वीतभर खोटा, पाणी खरं त्याहून वीतभर वर, हे सगळ्या गावात एकट्या यांना ठाऊक. घाटावर भिजत उभे राहून ते पाण्याकडे पाहत राहायचे. बोलता येत नाही आणि बघवत नाही. बायकोला वाटायचं, इंजिनिअरिंगचं वेड अजून गेलं नाही. नशीब एवढंच, की कावेरीनं त्या वर्षांत सांभाळून घेतलं. पुढं नवी मोजणी झाली, पुलापाशी नवी खूण बसवली आणि घाटावरची खूण सरकारी पुस्तकातून खोडून टाकली. चूक कुणाची, हे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून तो दगड नुसता देव राहिला.

आता सांगायला हरकत नव्हती. तुरुंगाची भीती टळली होती, सुंदरराव केव्हाच नोकरीतून निवृत्त झाले होते. पण आता त्यांना दिसेनासं झालं होतं, पाय थरथरत होते, आणि उरल्यासुरल्या दिवसांत त्यांना तो एक दगड होता. सेतुमाधवराव रोज सकाळी शाळेआधी त्यांना धरून घाटावर नेत. सुंदरराव चाचपडत दगडाचा माथा शोधत, तीन रेघांवरून बोट फिरवत, तुळस वाहत, आणि पुटपुटत.

एकदा सेतुमाधवरावांनी विचारलं, "अप्पा, अजून काय मागतां?"

"तेंच. तुझें राहिलें तें." सुंदररावांनी त्यांचा हात चाचपून धरला. "आम्हीं तर मनापासून मागितलें होतें. हा देव कोणाचें ऐकत नाहीं असें नाहीं. तुझेंच कांहीं चुकलें असेल त्या वेळीं. आठवून पाहा एकदां."

सेतुमाधवरावांनी वडिलांचा हात धरून त्यांना पायरीवर बसवलं.

"होय अप्पा," ते म्हणाले. "माझेंच चुकलें."

"मग क्षमा माग त्याजपाशीं," सुंदरराव म्हणाले. "लाजूं नको. हात जोड."

आणि सेतुमाधवरावांनी, वडिलांना दिसत नसतानाही, छत्री खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.